निळ्या फितीची प्रथमोपचार पेटी

आमच्या घरात प्रथमोपचाराची पेटी असावी, हा ठराव एका रविवारी दुपारी, ओव्हनमधून काढलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं टेबलावर फिरत असताना, सर्वानुमते मंजूर झाला. उपस्थित सभासद तीन: मी, म्हणजे ऑरिन स्टेन्सरूड, माझी पत्नी लव्हॉन आणि तिचे वडील सेल्मर रोनिंग. सासऱ्यांनी प्रत्यक्ष मत दिलं नाही. ते "मीठ सरकव जरा" एवढंच म्हणाले आणि ती संमती समजण्यात आली.

ठरावाला कारण होतं. त्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या हृदयाला नवी झडप बसली होती आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी लव्हॉनला बाजूला घेऊन बजावलं होतं, "यांना कुठे कापलं तर रक्त आपणहून थांबायचं नाही. स्वच्छ कापड घ्यायचं, घट्ट दाबून धरायचं आणि लगेच फोन करायचा. विचार करत बसायचं नाही." घरी येईपर्यंत लव्हॉन गाडीत रडत होती. कारण सासऱ्यांना आयुष्यात एकच छंद. तळ्यावरून वॉलआय मासे आणायचे आणि मागच्या ओसरीवर बसून, वस्तऱ्यासारख्या धारेच्या पातळ सुरीनं ते सोलायचे. ती सुरी सोडा म्हणणं म्हणजे श्वास सोडा म्हणण्यासारखं होतं.

"बाबा, निदान हातमोजे तरी घाला," लव्हॉन म्हणायची.

"मासा काय म्हणेल?" सासरे म्हणायचे.

तोवर आमच्या घरातलं प्रथमोपचाराचं साहित्य म्हणजे स्वयंपाकघरातल्या खणात पडलेली अर्धी चिकटपट्टी. अर्धीच का, तर आमच्या नॉर्डबी गावात, आणि तसं पाहिलं तर सगळ्या मिनेसोटा राज्यातच, शेवटची वस्तू कुणी घेत नाही. चर्चच्या तळघरात ताटात चॉकलेटची शेवटची वडी उरली की पुढचा माणूस तिचे दोन भाग करतो, अर्धी घेतो, अर्धी ठेवतो. त्याच्या पुढचा त्या अर्धीची पाव करतो. असं करत करत संध्याकाळी ताट धुणाऱ्या बाईच्या वाट्याला जो कण येतो, तो उचलताना तीही आधी इकडेतिकडे बघते. आमची चिकटपट्टी याच संस्कारात वाढली होती. माझं बोट कापलं तेव्हा मी तिची अर्धीच घेतली आणि जखमेचा उरलेला भाग सभ्यपणे उघडा ठेवला.

तर पेटी करायची ठरली. सासऱ्यांनी गळ ठेवायचा आपला जुना हिरवा डबा काढून दिला. "याला कप्पे आहेत," ते म्हणाले. "आणि मासे काय, माणसं काय, गळ सगळ्यांनाच लागतो." लव्हॉननं तो गरम पाण्यानं धुतला, साबणानं धुतला, मग सोड्यानं धुतला. गॉजच्या घड्या, रुंद बँडेजच्या गुंडाळ्या, चिकटपट्ट्या, कात्री, चिमटा, भाजल्यावर लावायचं मलम, असं सगळं आणून कप्प्यांत भरलं आणि डबा फ्रिजवर ठेवला. झाकण उघडायला एक अंगठा पुरत होता. दुपारी सुरू केलेलं काम कॉफीच्या वेळेआधी संपलं.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण घरातलं एखादं काम पटकन आणि नीट झालं की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लव्हॉननं ते चर्चच्या गायनवृंदात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आर्डिसबाई आल्या.

आर्डिस हाउगे या आमच्या चर्चच्या संकट-सज्जता समितीच्या अध्यक्षा. तळघरात पाणी शिरलं त्या वर्षी ही समिती नेमली गेली. पुढे पाणी ओसरलं, समिती ओसरली नाही. मधल्या काळात नॉर्डबीवर एकही संकट न आल्यामुळे आर्डिसबाई जरा खंगल्या होत्या.

"कॉफी घेणार?" लव्हॉननं विचारलं.

"छे छे, मी उभ्या उभ्या आलेय."

"थोडीशी?"

"माझ्यासाठी मुद्दाम नको गं करू."

"केलेलीच आहे."

"केलेलीच असेल तर दे बाई, कपाच्या बुडाला लागेल इतकी."

आणि त्या तीन कप प्यायल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. पहिला नकार वळण म्हणून द्यायचा असतो, दुसरा समोरचा खरोखर मनापासून विचारतोय का ते पाहण्यासाठी. तिसऱ्यांदा विचारलं की होकार. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, पण भांडं न्यायला मात्र विसरायचं नाही. दोनदाच विचारून थांबणाऱ्या माणसाला आमच्या गावात माणूसघाणा म्हणतात.

कॉफी झाल्यावर आर्डिसबाईंनी हिरवा डबा उघडला, आत पाहिलं आणि बंद केला.

"वेगळंच आहे हं," त्या म्हणाल्या.

लव्हॉनचा चेहरा उतरला. नॉर्डबीत याहून कडक शब्द नाही. मागे एका कुटुंबाच्या नव्या घराला कुणीतरी "वेगळंच आहे" म्हणालं, तर त्यांनी आठवड्याच्या आत रंग बदलून घेतला होता.

"माशाचा वास येतो का जरासा?" आर्डिसबाईंनी हळूच विचारलं.

"सोड्यानं धुतलाय," लव्हॉन म्हणाली.

"हो का? मग मलाच येत असेल."

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर "सज्ज कुटुंब" अभियानाची घोषणा झाली. प्रत्येक कुटुंबाकडे प्रथमोपचार पेटी असणं अपेक्षित असून ती पांढरी, पारदर्शक झाकणाची आणि विहित साहित्यानं परिपूर्ण असावी. समिती घरोघरी तपासणी करेल. उत्तीर्ण कुटुंबाच्या दारावर निळा बिल्ला लागेल. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडला की चर्चमध्ये माशांचं सामुदायिक जेवण असतं, त्या दिवशी सर्व पेट्यांचं प्रदर्शन भरेल आणि सर्वोत्कृष्ट पेटीला निळी फीत मिळेल.

निळी फीत म्हटल्यावर सगळे जरा सरसावून बसले. आमचे शेजारी व्हर्नन स्कार यांना जिल्ह्याच्या जत्रेत काकडीच्या लोणच्यासाठी दर वर्षी निळी फीत मिळते. ते कधी त्याबद्दल बोलत नाहीत. फक्त आपण त्यांच्याकडे गेलो की आपल्याला ज्या खुर्चीवर बसवतात तिच्यासमोरच त्या सगळ्या फिती टांगलेल्या असतात. मला फितीचा मोह नाही. पण अन्याय किती वर्षं चालू द्यायचा यालाही काही मर्यादा असते.

आम्ही पांढरी पेटी आणली. हिरव्या डब्यातलं साहित्य तिच्यात गेलं आणि डबा सासऱ्यांकडे परत आला. त्यांनी त्यात पुन्हा गळ भरले.

पहिल्याच तपासणीत एक बारीक अडचण पुढे आली. विहित साहित्य परिपूर्ण असणं म्हणजे त्यातलं काहीही वापरलेलं नसणं. एक चिकटपट्टी वापरली की पेटी अपूर्ण, पेटी अपूर्ण की बिल्ला खाली. व्हर्ननच्या बायकोनं अंगठ्याला बँडेज बांधलं आणि दुपारपर्यंत त्यांच्या दारावरचा बिल्ला उतरला. त्यानंतर गाव शहाणं झालं. समितीनंही सोयीसाठी प्रत्येक पेटीला प्लास्टिकचं सील लावून दिलं. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, म्हणून आम्ही ती आधीच खणली होती. आता पाणी गढूळ होऊ नये म्हणून कुणाला पिऊ देत नव्हतो. कुणाला काही लागलं-खुपलं की तो गाडी काढून शेजारच्या गावातल्या पेट्रोलपंपावरून चिकटपट्टी विकत आणायचा. तिथला दुकानदार एकदा काळजीनं म्हणाला, "तुमच्या गावात काय चाललंय काय?"

"काही विशेष नाही," आम्ही म्हणालो.

मग कुलपाचा नियम आला. पेटीत औषधं असतात, ती लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. आमच्या घरातलं सर्वांत लहान मूल त्रेपन्न वर्षांचं, म्हणजे मीच. पण नियम माणूस बघून बदलायला लागलो तर तो नियम कसला? पेटीला कुलूप लागलं. किल्ली प्रशिक्षित व्यक्तीच्या गळ्यात असावी असं ठरल्यामुळे ती लव्हॉनच्या गळ्यात आली. आणि पेटी सर्वांत उंच कपाटावर ठेवण्यासाठी मी स्टुलावर चढलो.

मी खाली आलो तो स्टुलाच्या मदतीशिवाय. ढोपर फुटलं, घोटा सुजला. पेटी मात्र वर सुखरूप पोचली होती.

"उघडू का रे?" लव्हॉन किल्ली हातात घेऊन म्हणाली.

"वेडी आहेस का? गुरुवारी तपासणी आहे!"

सासऱ्यांनी फ्रिजमधून गोठलेल्या मक्याच्या दाण्यांची पिशवी आणली, माझ्या घोट्यावर ठेवली आणि माझा हात तिच्यावर दाबला. "धर. दाब," ते म्हणाले. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसून त्यांनी वर पेटीकडे पाहिलं. "कामाची वस्तू आहे," ते म्हणाले. "ती नसती तर तू पडलाच नसतास."

प्रशिक्षण चर्चच्या तळघरात झालं. आर्डिसबाई स्वतः शिकवत होत्या. पहिला आणि मुख्य धडा असा: जखमी माणसाला न विचारता हात लावायचा नाही. आधी आपलं नाव सांगायचं, आपण प्रशिक्षित आहोत हे सांगायचं आणि विचारायचं, "मी तुम्हाला मदत करू का?" तो हो म्हणाला तरच पुढे. नाही म्हणाला तर त्याच्या इच्छेचा मान राखायचा, तशी नोंद करायची आणि मागे सरायचं. पुन्हा विचारणं म्हणजे दडपण आणणं.

"आणि न विचारता हात लावला तर?" कुणीतरी विचारलं.

"उद्या त्यानं खटला भरला तर?" आर्डिसबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी आपापले हात मांडीवर घेतले. नॉर्डबीत आजवर कुणी कुणावर खटला भरलेला नाही. इथे माणूस रागावलाय हेच समोरच्याला कळायला वर्षं लागतात. पण म्हणूनच धाक जास्त होता.

सरावासाठी व्हर्नन पाय मोडलेला रुग्ण झाले आणि जमिनीवर आडवे पडले. लव्हॉन पुढे झाली. "माझं नाव लव्हॉन. मी प्रशिक्षित आहे. मी तुम्हाला मदत करू का?"

"नको नको," व्हर्नन सवयीनं म्हणाले. "तू कशाला त्रास घेतेस?"

"नकार," आर्डिसबाई म्हणाल्या. "मागे सर. पुढचा कोण?"

पुढचा गेला, त्यालाही व्हर्नन नको म्हणाले. त्याच्या पुढच्यालाही. वर्गातल्या एकालाही त्यांच्यावर उपचार करता आला नाही. शेवटी तास संपला तेव्हा व्हर्नन त्या मोडलेल्या पायानं उठले आणि सगळ्यांबरोबर खुर्च्या आवरू लागले. आर्डिसबाईंनी सर्वांना उत्तीर्ण केलं, कारण नियमाचं पालन सर्वांनीच केलं होतं.

"पण रुग्ण कधीच हो म्हणाला नाही तर?" लव्हॉननं जाता जाता विचारलं. तिच्या डोळ्यासमोर कोण होतं ते मला ठाऊक होतं.

"बेशुद्ध माणसाला विचारावं लागत नाही," आर्डिसबाई तिला धीर देत म्हणाल्या. "थोडा धीर धरायचा, बस."

त्या रात्री जेवताना लव्हॉन सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुम्हाला लागलं तर सांगाल ना?"

"सांगेन की."

"खरंच?"

"लागलं तर," सासरे म्हणाले. या माणसानं बर्फात पाय मोडला होता तेव्हा घरी फोन करून "जेवायला थोडा उशीर होईल" असं सांगितलं होतं.

प्रदर्शनाच्या तयारीची जबाबदारी मी घेतली. मांडणीला गुण होते. पेटी घरून तळघरापर्यंत नेताना आतलं सामान हलतं, गुंडाळ्या गडगडतात, घड्या तिरक्या होतात, हे मी हेरलं. म्हणून प्रदर्शनासाठी नवं सील लागायच्या आधी, लव्हॉनकडून किल्ली मागून, मी प्रत्येक वस्तू पेटीच्या बुडाला गोंदानं चिकटवून टाकली. गॉजच्या घड्या एका रांगेत, गुंडाळ्या उंचीप्रमाणे, कात्री मधोमध. गोंद होडीच्या दुरुस्तीचा होता, उत्तम प्रतीचा. मग पेटी उलटी करून हलवली. एक दोरा हलला नाही.

माशांच्या जेवणाच्या दिवशी तळघर गच्च भरलं होतं. भिंतीच्या कडेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पेटी, पांढरी, सीलबंद, कुलूपबंद. मुख्य टेबलावर, जिथे योगायोगानं आमची पेटी होती, आर्डिसबाईंनी आपला टेबलक्लॉथ अंथरला होता. पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याचं जाळीदार भरतकाम, त्यांच्या आजीनं नॉर्वेहून बोटीनं आणलेलं. तो वर्षातून एकदाच बाहेर निघतो. मागे स्वयंपाकघरात सासरे मासे सोलत होते, कारण त्यांच्याइतका हात गावात कुणाचा चालत नाही. परीक्षक एकेका पेटीपाशी वाकून बघत पुढे सरकत होते आणि आमच्यापासून दोन टेबलांवर आले होते.

तेवढ्यात सासरे स्वयंपाकघरातून बाहेर आले. डाव्या हाताखाली त्यांनी ताट धरलं होतं, फरशी खराब होऊ नये म्हणून. ताटात रक्त साचत होतं.

"कुणाकडे एखादं जुनं फडकं आहे का?" त्यांनी विचारलं. "चांगलं नको."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फडकं हे विहित साहित्यात नव्हतं.

आर्डिसबाई पुढे झाल्या. त्या सासऱ्यांना साठ वर्षं ओळखतात. "माझं नाव आर्डिस," त्या म्हणाल्या. "मी प्रशिक्षित आहे. मी तुम्हाला मदत करू का?"

"अगं नको, नको. तुझं ताट निवतंय."

"नकार," आर्डिसबाई म्हणाल्या आणि मागे सरल्या.

"माझं नाव व्हर्नन. मी प्रशिक्षित—"

"माहीत आहे की. नको रे, काही विशेष नाही."

व्हर्ननही मागे सरले. मग रीतसर रांग लागली. जो तो दुसऱ्याला "आधी तुम्ही" म्हणत होता. प्रत्येकानं नाव सांगितलं, प्रत्येकानं विचारलं आणि सासऱ्यांनी प्रत्येकाला तितक्याच आपुलकीनं नाही म्हटलं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे तो पहिला नकार होता. समितीच्या नियमाप्रमाणे तो शेवटचा होता. दोन्ही बाजूंनी शिस्त पाळली जात होती. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू पिठासारखा पांढरा पडत चालला होता आणि ताट भरत आलं होतं.

"बेशुद्ध झाले की आपल्याला परवानगी आहे," आर्डिसबाई कुजबुजल्या. सगळे आशेनं वाट बघू लागले.

लव्हॉन दुसऱ्या टोकाला कॉफी वाढत होती. तिनं वडिलांना पाहिलं आणि किटली तिथेच ठेवून धावत आली. किल्ली तिच्या गळ्यात होती, पेटी हाताशी होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं की परीक्षक दोनच टेबलांवर आहेत. हे मी फितीसाठी केलं नाही. तिला पूर्ण माहिती असावी म्हणून केलं.

"बाबा!"

"अगं काही नाही. सुरी जरा चांगली निघाली."

लव्हॉनचा हात पुढे गेला होता. पण प्रशिक्षण अंगात भिनलेलं होतं. "मी तुम्हाला मदत करू का?"

"नको. तुझी फीत जाईल."

"बाबा, करू का?"

"पेटी सुरेख दिसतेय गं," सासरे म्हणाले. "राहू दे तशीच." आणि ते डुलले. ताट हातातून सुटलं आणि फरशीवर आपटलं.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. तिनं दातांनी सील तोडलं. कुलूप उघडलं, झाकण फेकलं, गॉजच्या घडीला हात घातला आणि ओढलं. घडी निघाली नाही. दुसरी ओढली. गुंडाळी ओढली. सगळी पेटीच उचलली गेली.

"ऑरिन, हे निघत का नाहीये?"

"चिकटवलंय," मी म्हणालो. "सरळ दिसावं म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. तिनं पेटी जमिनीवर टाकली, आर्डिसबाईंचा टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी ओढून काढला, त्याचा बोळा केला आणि वडिलांच्या तळहातावर सगळा भार टाकून दाबला.

"खाली बसा!" ती ओरडली. "खाली बसा आणि नको म्हणू नका!"

त्या तळघरात कुणी ओरडल्याचं गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही आठवत नव्हतं. सासरे मुकाट्यानं बसले. लव्हॉन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, दाबत होती आणि रडत होती. "एकदा तरी सांगा ना लागलंय म्हणून! आईही असंच 'काही नाही, काही नाही' करत गेली. एकदा तरी सांगा मला!"

सासरे तिच्याकडे बघत राहिले. इतकी माणसं होती, पण त्यांना फक्त तीच दिसत होती.

"लागलंय," ते हळूच म्हणाले. "बरंच लागलंय गं."

मी फोन करायला धावलो. आणि त्याच वेळी आर्डिसबाईंच्या तोंडून किंकाळी फुटली.

"रक्त! गार पाणी आणा! गरम नको, डाग बसेल! मीठ कुठाय?"

यानंतर मी जे पाहिलं त्याला तोड नाही. तिघीजणी तीन दिशांनी धावल्या. कुणी आपलं नाव सांगितलं नाही. कुणी परवानगी मागितली नाही. एकीनं घमेलं आणलं, दुसरीनं बर्फ, तिसरीनं मिठाचा पुडा दातांनी फाडला. टेबलक्लॉथचा मधला भाग सासऱ्यांच्या हातावर होता आणि लव्हॉन तो सोडणार नव्हती, म्हणून त्यांनी लोंबणारं टोक धरलं, गार पाण्यात बुडवलं, मीठ लावलं, हलक्या हातानं चोळलं, पुन्हा बुडवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एका क्षणाचीही उसंत नव्हती. "धीर धर हं," आर्डिसबाई टेबलक्लॉथला म्हणत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या टोकाला मिळालेला प्रथमोपचार निर्दोष होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं अगदी तसा, विचार करत न बसता.

लव्हॉन वडिलांना घेऊन कुणाचाही निरोप न घेता निघाली. आमच्याकडे दारात उभं राहून निदान अर्धा तास निघतो-निघतो म्हणायचं असतं. त्याचीही पुढे चर्चा झाली.

सासरे वाचले. दाबून धरलं म्हणून वाचले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन बोटं आता नीट मिटत नाहीत, तरी मासे सोलतात, हातमोजा घालून. परवा त्यांना टाचणी टोचली, तर त्यांनी लव्हॉनला हाक मारून सांगितलं. ती हातातलं काम टाकून आली, पाहिलं तर काहीच नव्हतं, आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

समितीची तातडीची बैठक झाली. निळी फीत व्हर्ननना मिळाली. आमची पेटी सील तुटल्यामुळे अपात्र ठरली, मात्र मांडणीचा खास उल्लेख झाला, तो मी मुद्दाम नमूद करतो. लव्हॉननं रुग्णाच्या दोन स्पष्ट नकारांनंतरही उपचार केल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. टेबलक्लॉथचा जीव वाचवणाऱ्या तिघींचं अभिनंदन झालं. आणि घडल्या प्रसंगातून बोध घेऊन विहित साहित्यात एका वस्तूची भर पडली: भरतकामाचा पांढरा टेबलक्लॉथ, न वापरलेला, प्लास्टिकमध्ये सीलबंद.

आमच्या दारावर आता बिल्ला नाही. लव्हॉननं हिरवा डबा परत मागून घेतला, धुतला, त्यात जुनी स्वच्छ फडकी भरली आणि तो फ्रिजवर ठेवला. येणारे-जाणारे बघतात. "वेगळंच आहे हं," म्हणतात. लव्हॉन त्यांना कॉफी एकदाच विचारते.

मी मात्र समितीचा सभासद झालो आहे आणि त्याच नात्यानं आता तुमच्याकडे वळतो. पेटी तुमच्याकडेही असेलच. कुठेतरी वर, मागे, कशाच्या तरी खाली. येऊन बघू का मी? नको म्हणता? तुम्हाला काही विशेष झालेलं नाही? बरं. येऊ का पण? मी कशाला त्रास घेऊ, असं म्हणता? तुमच्या इच्छेचा मान राखून मी मागे सरतो. फक्त जाता जाता एवढं सांगतो, तुम्ही ज्या टेबलाला धरून उभे आहात, त्याच्यावरच्या कापडाला काहीतरी लाल लागलेलं दिसतंय. हात काढा पाहू तुमचा. आणा ते कापड इकडे, आधी गार पाण्यात टाकू.